अकरा टिकटिक, आणि तरी गाडी सरकते

या खेपेच्या पत्रांत निम्मी हँडब्रेकची निघाली. पावसाळा सरत आला की हे व्हायचंच. चार महिने पाणी-चिखल पिऊन केबली कुरकुरायला लागतात, आणि घरापुढच्या उतारावर उभी केलेली गाडी मालकाची पाठ वळली की हळूच पाय काढते. म्हणून हे अख्खं सदर हँडब्रेकलाच देतो. क्लच आणि मायलेजवाल्यांनी महिनाभर दम धरावा.

प्रश्न : माझ्याकडे २००३ सालची मारुती ८०० आहे. मी निवृत्त शिक्षिका, पाचगणीत राहते. गाडी घरासमोरच्या चढावरच उभी करावी लागते. वर्षभरात हँडब्रेकची केबल तीनदा आवळून घेतली. आवळून आणली की लिव्हर ओढताना पाच टिकटिकींत धरतो. दीड-दोन महिन्यांत आकडा अकरावर जातो (गणित शिकवत होते, त्यामुळे मोजायची सवय आहे), आणि तरीही गाडी चार बोटं मागे सरकते. मी चाकामागे दगड लावते. आता मेकॅनिक म्हणतात, केबल लांबली आहे, बदला. बदलू का? (एक वाचक, पाचगणी)

उत्तर : बाई, आत्ता बदलू नका. तुम्ही मोजून आकडे दिलेत म्हणून एवढ्या ठामपणे सांगतो. बाकीचे लिहितात, "हँडब्रेक जरा लूज आहे." जरा म्हणजे किती, हे त्यांनाही ठाऊक नसतं आणि मलाही कळत नाही.

आता तुमच्याच आकड्यांवर हिशोब मांडू. केबल म्हणजे पोलादी तारांचा पीळ. नवी बसवली की सुरुवातीला थोडी बसते, लांबते. वीस वर्षं जुनी केबल दर दोन महिन्यांनी सहा टिकटिकी लांबत नाही. तशी लांबत असेल तर तिच्या तारा आतून एकेक तुटतायत, आणि मग ती लांबत बसणार नाही, एक दिवस हातात येईल. म्हणजे दर दोन महिन्यांनी वाढतंय ते दुसरंच काहीतरी. ते आहे चाकात, ब्रेकचा लायनर (घासून पकडणारा थर) आणि ड्रम (चाकाबरोबर फिरणारं लोखंडी भांडं) यांच्यामधलं अंतर.

तुमच्या गाडीला मागे ड्रम ब्रेक आहेत. ड्रमच्या आत चंद्रकोरीसारखे दोन शू असतात आणि त्यांच्या पाठीवर लायनर असतो. पायाचा ब्रेक दाबला की ऑईलच्या दाबाने शू फाकतात. हँडब्रेक ओढला की तेच शू केबलने फाकतात. हँडब्रेकला वेगळे शू नाहीत, हे बऱ्याच मालकांना माहीत नसतं. तुम्ही लिव्हर वीतभर उचलता तेव्हा केबल दोन-तीन सेंटिमीटर सरकते आणि चाकातला शू जेमतेम काही मिलिमीटर. मधे तरफेवर तरफ आहे. म्हणूनच तुमच्या हाताचा जोर तिकडे कितीतरी पटींनी पोचतो. पण त्याच हिशोबाने चाकात मिलिमीटरभर अंतर वाढलं, तरी तुमच्या हातात चार-पाच टिकटिकी वाढतात. हे गणित तुम्ही वर्गात माझ्यापेक्षा बरं शिकवलं असतं.

हे अंतर आपोआप भरून निघावं म्हणून शूंच्या मधे एक दातेरी अ‍ॅडजस्टर असतो. लायनर झिजेल तसा तो एकेक दात पुढे सरकतो. त्यात धूळ आणि गंज बसला की जागीच थिजतो. मग अंतर वाढत जातं, आणि कोणीतरी सीटांच्या मधलं कव्हर उचकटून तिथला नट आवळून देतो. इथून पुढे खरा बिघाड सुरू होतो. केबल जास्त आवळली की हँडब्रेक खाली असतानाही चाकातली तरफ थोडी ओढलेली राहते. अ‍ॅडजस्टर त्याच तरफेला टेकलेला असल्यामुळे अंतर किती वाढलंय हे त्याला कळतच नाही. तो थिजलेला नसला तरी काम करेनासा होतो. वर शू ड्रमला घासत राहतात, लायनर झपाट्याने उतरतो, दोन महिन्यांत लिव्हर पुन्हा वर, आणि आपण पुन्हा आवळायला हजर. तुमच्याकडे हे चक्र तीनदा फिरलंय.

अकरा टिकटिकींनंतरही गाडी सरकते, हा याहून वेगळा मुद्दा आहे. नुसतं अंतर वाढलं असतं तर उशिरा का होईना, पण ब्रेक धरला असता. धरत नाही, याचा अर्थ एक तर लायनर गुळगुळीत झालाय किंवा ओला झालाय, किंवा दोनातलं एकच चाक काम करतंय.

एक चाचणी तुम्ही घरीच करा. सपाट जागी, इंजिन चालू ठेवून पायाचा ब्रेक एकदा दाबा आणि पाय कुठवर जातो ते लक्षात ठेवा. सोडून लगेच पुन्हा दाबा. दुसऱ्या वेळी पाय वरच अडला, तर मागच्या ड्रममध्ये अंतर फार वाढलंय, म्हणजे दोष चाकातच. पाय दोन्ही वेळा सारखाच आणि वरच अडत असेल, आणि तरी हँडब्रेक उंच येत असेल, तरच केबलवर संशय घ्यायचा. ही चाचणी मला माझ्या वस्तादांनी १९८३ साली साताऱ्यात शिकवली, एका अँबॅसिडरवर. तेव्हापासून माझा तरी तिने कधी घात केलेला नाही. अजून एक बघा. पाच-सहा किलोमीटर फिरून आलात की मागच्या दोन्ही चाकांजवळ तळहात धरा. लावू नका, नुसता जवळ धरा. एक चाक जास्त तापलं असेल तर ते घासतंय.

आता मेकॅनिककडे जाताना हा मासिकाचा अंक सोबत न्या. वय झालेल्या माणसाचं ऐकतात कधीकधी.

सगळ्यात आधी केबलचा नट पूर्ण सैल करायचा. पूर्ण म्हणजे पूर्ण, केबल लोंबली पाहिजे. पुढच्या चाकांना दोन्हीकडून ठोकळे, मागून गाडी जॅकवर, आणि जॅकच्या भरवशावर न ठेवता खाली लोखंडी घोड्या (गाडी पेलणारे स्टँड). मग दोन्ही ड्रम उघडायचे. एकच उघडून "दुसरा पण तसाच असणार" असं म्हणायचं नाही. आतली काळी भुकटी हवेच्या पाइपाने उडवायची नाही, ओल्या फडक्याने पुसून घ्यायची. जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असायचं आणि ते फुप्फुसाला वाईट. आमच्या पिढीने तोंडाने फुंकर मारमारून ड्रम साफ केले. त्यातले दोन-तीन खोकले मला अजून आठवतात.

लायनर दोन मिलिमीटरच्या आत आला असेल तर बदलायचा, आणि बदलायचा तो दोन्ही चाकांचा. लायनर जाड आहे पण काचेसारखा चमकतोय, तर पॉलिश पेपरने हलकेच खरडला की भागतं. ओला असेल तर मात्र पेपरने, पेट्रोलने किंवा आगीवर धरून तो सुधारत नाही. असे शू "सुकवून" परत बसवणारे मी पाहिलेत. पहिल्या गरम ब्रेकला ते तेल पुन्हा वर येतं. आणि ओलं कशाने झालं ते शोधल्याशिवाय नवा लायनर घालू नका. तुमची ८०० पुढच्या चाकांनी ओढणारी गाडी आहे, मागच्या अ‍ॅक्सलमध्ये गिअरऑईल नसतंच. त्यामुळे ओल असेल तर ती व्हील सिलिंडरमधल्या (ऑईलच्या दाबाने शू फाकवणारा चाकातला छोटा सिलिंडर) ब्रेक ऑईलची, नाहीतर बेअरिंगच्या ग्रीसची. व्हील सिलिंडरच्या टोकाचं रबर पेचकसाने हळूच उचलून बघायला सांगा. आत ओल दिसली की सिलिंडर बदलायचा. तो पायाच्या ब्रेकचा प्रश्न आहे, तिथे काटकसर नको.

मग अ‍ॅडजस्टर सुटा करून, तारेच्या ब्रशने घासून, दाते मोकळे आहेत ना ते हातानं सरकवून बघायचं. ग्रीसचा अगदी पुसट हात लावायचा. लपका मारला की तो तापून वितळतो आणि लायनरवर जातो. ड्रमच्या कडेला झिजून ओठ आला असेल तर लेथवर काढून घ्यावा. ड्रम किती मोठा होऊ द्यायचा याची मर्यादा बहुतेक ड्रमवर कोरलेलीच असते. सगळं बसवून झालं की पायाचा ब्रेक पंधरा-वीस वेळा दाबायचा. चाकाशी कान लावला तर अ‍ॅडजस्टर किट-किट करत पुढे सरकताना ऐकू येतो, निदान माझ्या तरुणपणीच्या कानांना यायचा. चाक हाताने फिरवल्यावर पुसटशी घासणूक लागली की थांबायचं.

आणि आता, सगळ्यात शेवटी, केबलचा नट. लिव्हर दोन टिकटिकी वर घेऊन दोन्ही चाकं हाताने फिरवायची. दोन्हीकडे सारखं जड लागलं पाहिजे. एक जड आणि एक मोकळं, तर मोकळ्या बाजूची केबल नळीत गंजून अडकलीय, ती मात्र बदलायची. म्हणजे तुमचे मेकॅनिक कदाचित बरोबरही ठरतील, पण ते ठरणार ड्रम उघडल्यावर. लिव्हर पूर्ण खाली सोडला की दोन्ही चाकं मोकळी फिरली पाहिजेत. मी पाच ते सात टिकटिकींवर ठेवतो. तीनवर आणून देणारा मेकॅनिक मालकाला फार आवडतो, पण तो तुमचा लायनर खातोय.

एक कबुलीही देऊन टाकतो. गॅरेज टाकल्याच्या दुसऱ्या वर्षी एका डॉक्टरांची फियाट आली. तक्रार तुमचीच. दुपारची वेळ, गिऱ्हाइकाला घाई, मी कव्हर उचकटलं, नट आवळला, पाच रुपये घेतले. डॉक्टरांनी गाडी समोरच्या उतारावर लावली आणि चहाला गेले. चहा यायच्या आत गाडी मागे आली आणि चहावाल्याचं बाकडं घेऊन गटारात बसली. बाकड्यावर त्या घडीला कोणी नव्हतं, एवढंच माझं नशीब. ड्रम उघडले तर डावा लायनर ब्रेक ऑईलने निथळत होता. बाकडं मी भरून दिलं आणि वस्तादांचं "आधी चाक, मग केबल" हे वाक्य त्या दिवशी पाठ झालं.

दगडाबद्दल. दगड लावता ते बरोबरच आहे, पण निघताना तो उचलून बाजूला टाका. पसरणी काय, खंबाटकी काय, घाटात बंद पडलेल्या ट्रकखालचे दगड तसेच रस्त्यावर राहतात आणि रात्री दुचाकीवाल्यांचा जीव घेतात. त्यापेक्षा सुताराकडून लाकडाचा तिरपा ठोकळा करून घ्या आणि त्याला हातभर दोरी बांधा. दोरीचं दुसरं टोक दाराच्या मुठीला अडकवलंत की काढायचा विसर पडत नाही.

चढावर तोंड वर करून उभी करताना आधी पाय ब्रेकवर, मग हँडब्रेक, मग न्यूट्रलमध्येच पाय हळू सोडा आणि गाडीचं वजन हँडब्रेकवर बसू द्या. त्यानंतर इंजिन बंद करून पहिला गिअर टाका. तोंड उताराकडे असेल तर रिव्हर्स. स्टिअरिंग असं वळवून ठेवा की सुटलीच तर गाडी डोंगराच्या अंगाला जाऊन टेकेल, दरीकडे नाही. तुमच्या गाडीची नोंदणीची पंधरा वर्षं २०१८ला भरली, म्हणजे दर पाच वर्षांनी नूतनीकरणाच्या तपासणीला न्यावीच लागते. तिथे ब्रेक बघतात. हे काम त्याआधीच उरकलेलं बरं.

प्रश्न : गुहागरच्या घरी आमची जुनी ओम्नी असते. मी नोकरीला मुंबईत. जूनमध्ये हँडब्रेक ओढून उभी केली ती गणपतीला काढायला गेलो तर मागचं डावं चाक जाम. शेजारी म्हणतात ट्रॅक्टरला बांधून ओढू, सुटेल. ओढू का? (एक वाचक, गुहागर)

उत्तर : अजिबात नको. शेजाऱ्यांना मोदक द्या आणि ट्रॅक्टर घरी पाठवा.

समुद्राची खारी हवा, जूनपासूनचा पाऊस, आणि लायनर लोखंडी ड्रमला दाबून ठेवलेला. दोघांच्या मधे गंज चढतो आणि डिंकासारखा धरतो. आत्ताचे लायनर बहुतेक शूला चिकटवलेले असतात. गाडी जोराने ओढली की लायनर ड्रमवरून सुटायच्या ऐवजी शूवरून सुटतो, आत गोळा होतो, आणि मग चाक असं अडकतं की ड्रम फोडायची पाळी येते.

आधी लिव्हर बघा. खाली सोडून पुन्हा वर घेताना पहिल्या काही टिकटिकी हाताला अगदीच पोकळ लागल्या, तर केबल नळीत अडकलीय. नेहमीसारखा ताण लागला, तर केबल परत आलीय आणि शू चिकटलेत. तुमच्या वर्णनावरून मला शूच वाटतात. पुढच्या चाकांना दोन्हीकडून ठोकळे घट्ट लावा. मागचं चाक काढा, घोडी द्या आणि ड्रमच्या तोंडावर चहूबाजूंनी लाकूड धरून हातोडीने ठोका. जोरात नको, दार वाजवल्यासारखं. कडेवर ठोकू नका, टवका उडतो. मग चाक चढवून, गाडी खाली घेऊन, ठोकळे वीतभर लांब सरकवून, इंजिन चालू करून पहिला आणि रिव्हर्स असा आलटूनपालटून बोटभर झोका द्या. बऱ्याचदा "टक्" असा आवाज येतो आणि सुटतं. नाहीच सुटलं तर ओम्नीच्या ड्रमवर आट्यांची दोन भोकं आहेत. त्यांत ८ मिलिमीटरचे दोन बोल्ट घालून आळीपाळीने अर्धा-अर्धा फेरा द्या. ड्रम स्वतःच बाहेर सरकतो. त्या भोकांत गंज असेल तर आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल सोडून ठेवा, पण थेंबभर. ते लायनरपर्यंत गेलं तर नवंच दुखणं.

उघडलंच आहे तर लायनर हुंगून बघा. ओम्नी मागच्या चाकांवर चालते, त्यामुळे अ‍ॅक्सलच्या नळीतलं गिअरऑईल सील फुटल्यावर थेट ड्रममध्ये येतं. त्याला एक कुबट, गंधकासारखा वास असतो, एकदा नाकात गेला की विसरत नाही. तो वास आला तर सील बदला.

पुढच्या जूनमध्ये गाडी सपाट जागी उभी करा, गिअरमध्ये टाका, एका चाकाला दोन्ही बाजूंनी ठोकळे द्या आणि हँडब्रेक खाली सोडा. उभी करायच्या आधी एक चक्कर मारून दोन-चार वेळा ब्रेक दाबा म्हणजे ड्रम कोरडे होतील. गाडी धुऊन लगेच झाकून ठेवणाऱ्यांनाही हेच.

प्रश्न : वडिलांची जुनी जीप आहे. तिचा हँडब्रेकचा ड्रम चाकात नाही, मधे प्रॉपेलर शाफ्टला आहे. परवा शेतात पंक्चर काढायला मागचं एक चाक जॅकवर घेतलं. हँडब्रेक गच्च ओढलेला होता, तरी जीप जॅकवरून पुढे गेली. पाय थोडक्यात वाचला. हँडब्रेक खराब आहे का? (एक वाचक, अकोले)

उत्तर : हँडब्रेक ठणठणीत असेल, तरी जीप जाणारच होती. हे वाचणाऱ्या प्रत्येक जीपवाल्याने इथे थांबून दोनदा वाचावं.

चाकातला हँडब्रेक चाकाला धरतो. तुमचा हँडब्रेक शाफ्टला, म्हणजे इंजिनाचा जोर मागच्या चाकांकडे नेणाऱ्या दांड्याला धरतो. शाफ्ट आणि चाकांच्या मधे डिफरन्शिअल आहे, शाफ्टचा फेरा दोन चाकांत वाटणारी गिअरची पेटी. शाफ्ट घट्ट धरला तरी डिफरन्शिअल एका चाकाला पुढे आणि दुसऱ्याला मागे फिरू देतं. दोन्ही चाकं जमिनीवर असताना हे होत नाही, कारण दोघांनाही एकाच दिशेला जायचं असतं. एक चाक हवेत गेलं की ते खुशाल उलटं फिरतं आणि जमिनीवरचं चाक मोकळं सुटतं. वर जॅक लावलेला. वडिलांना विचारा, त्यांना हे ठाऊक असेल. जुने जीपवाले पाना हातात घ्यायच्या आधी दगड शोधायचे.

तेव्हा जॅक लावण्याआधी जमिनीवर राहणाऱ्या चाकांना पुढून-मागून अडण द्या. पुढची चाकंही इंजिनाला जोडता येत असतील तर फोर व्हीलमध्ये टाकून गिअरमध्ये ठेवा, म्हणजे पुढची चाकंही धरतात. तरी अडण हवंच.

आणि तुमची जीप एरवीही उतारावर सरकत असेल, तर त्या ड्रममध्ये ऑईल बघा. तो ट्रान्सफर केसच्या (पुढच्या-मागच्या चाकांना जोर वाटणाऱ्या पेटीच्या) तोंडाशीच बसलेला असतो, तिथलं सील गळालं की ऑईल सरळ लायनरवर. चालत्या गाडीत हा हँडब्रेक ओढायचा नाही. सगळा झटका शाफ्टच्या क्रॉसवर, म्हणजे सांध्यावर येतो. गाडी पूर्ण थांबल्यावरच ओढायचा.

प्रश्न : माझी जुनी सेडान आहे, मागेही डिस्क ब्रेक. परवा सप्तशृंगीचा घाट उतरून खाली गाडी लावली, हँडब्रेक ओढला, चांगला धरला होता. जेवून आलो तर गाडी दोन फूट पुढे जाऊन झाडाला टेकलेली. कोणी ढकलली असेल का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : कोणी ढकलली नाही. घाट उतरताना डिस्क तापून फुगल्या होत्या. फुगलेल्या डिस्कवर तुम्ही पॅड आवळलेत. तुम्ही जेवत होता तेव्हा डिस्क निवल्या, केसभर आकसल्या आणि पकड सैल झाली. ड्रमचं उलट असतं. ड्रम निवताना आकसतो तो शूवरच, त्यामुळे पकड उलट घट्ट होते. म्हणून मागे डिस्क असलेल्यांनी घाटानंतर गाडी उभी करताना एखादी टिकटिक जास्त ओढावी आणि गिअर टाकल्याशिवाय उतरू नये.

तरी दोन फूट म्हणजे हँडब्रेक आधीच काठावर होता. पॅड डिस्कवर आवळणारा भाग म्हणजे कॅलिपर. अशा कॅलिपरला मागे एक छोटा लिव्हर असतो, केबल त्यालाच ओढते. तो गंजून अर्धवट परत येतो किंवा अर्धवटच ओढला जातो. हाताने हलवून बघायला सांगा, सोडल्यावर झटकन परत आला पाहिजे. पॅड बदलताना मेकॅनिक पिस्टन सी-क्लॅम्पने सरळ दाबायला निघाला तर थांबवा. अशा बऱ्याच कॅलिपरमध्ये पिस्टन फिरवत आत न्यावा लागतो. सरळ दाबला की आतले आटे जातात आणि हँडब्रेक कायमचा गेला. काही गाड्यांत मात्र डिस्कच्या पोटात हँडब्रेकसाठी वेगळा छोटा ड्रम असतो. त्याला वर पाचगणीच्या बाईंना सांगितलेलं बरंचसं लागू.

प्रश्न : मी नुकतीच गाडी शिकले. सर म्हणतात हँडब्रेक ओढताना बटण दाबून ओढायचा, नाहीतर दाते झिजतात. बाबा म्हणतात टिकटिक ऐकू आलीच पाहिजे. कोण बरोबर? (एक वाचक, कोथरूड, पुणे)

उत्तर : बाबांशी वाद घालू नकोस. टिकटिक होऊ द्यायलाच ते दाते केलेले आहेत, आणि बटण न दाबल्यामुळे दाते गेलेली गाडी माझ्याकडे इतक्या वर्षांत आलेली नाही. बटण दाबून ओढलास तरी बिघडत नाही, फक्त ओढून झाल्यावर बटण सोडून लिव्हर दातात नीट अडकलाय ना ते बघ. टिकटिकीचा खरा फायदा मोजण्याचा. आज सहा आणि पुढच्या दिवाळीला आठ झाली, तर गॅरेजला जायची वेळ झाली हे कोणी सांगावं लागत नाही.

ओढायच्या आधी पायाचा ब्रेक दाबलेला असू दे. शू आधीच ड्रमला भिडलेले असतात, हाताला कमी जोर लागतो. आणि सिंहगडाच्या रस्त्यावर चढात थांबलीस तर हँडब्रेकवरच गाडी उचलायला शीक, सर सांगतील. क्लचवर तोलून धरायची खोड आत्ताच लागू देऊ नकोस. ती खोड लागलेल्या पोरांच्या क्लच प्लेटांवर माझी दोन मुलं शिकली.

प्रश्न : हँडब्रेक थोडा ओढलेला राहून दहा-बारा किलोमीटर गाडी चालवली. जळका वास आला, चाकातून धूर दिसला. पाणी ओतलं. आता काय करू? (एक वाचक, बार्शी)

उत्तर : पाणी ओतायला नको होतं. तापलेल्या बिडाच्या (ओतीव लोखंडाच्या) ड्रमला तडा जातो. वास आला की सावलीला थांबायचं, हँडब्रेक सोडायचा, चाकाला दगड लावायचा आणि अर्धा तास गाडीकडे बघायचं नाही.

आता दोन्ही मागचे ड्रम उघडून घ्या. ड्रमला तडा किंवा निळसर डाग, लायनरला भेगा, व्हील सिलिंडरचं रबर कडक झालेलं, बेअरिंगचं ग्रीस वितळून बाहेर आलेलं, यातलं काहीही दिसलं तर ते बदलायचं. ब्रेक ऑईलही बदलून घ्या, जुनं असेल तर नक्कीच. त्यात ओल मुरलेली असते आणि इतकं तापल्यावर ती वाफ होऊन ब्रेक पोकळ करते. आणि डॅशबोर्डवरचा हँडब्रेकचा लाल दिवा लागतो का ते बघा. लिव्हर एका टिकटिकीवर असतानाही तो लागला पाहिजे. लागत नसेल तर लिव्हरच्या बुडाशी एक छोटा स्विच असतो, त्याची वायर बहुधा निघालेली असेल. आणि लिव्हर पूर्ण खाली असतानाही दिवा जळत राहिला, तर बऱ्याच गाड्यांत तोच दिवा ब्रेक ऑईल कमी झाल्याचंही सांगतो. तेव्हा बॉनेट उघडून डबीतली पातळी बघितल्याशिवाय गाडी हलवू नका.